आधी थांबवा, मग ओढा

भोकरवाडी, ता. पाथर्डी
९ फेब्रुवारी १९९२

ती. मामा व मामींना सप्रेम जय भीम.

पत्राला उशीर झाला. कारण वाचून तुम्ही चिडणार, म्हणून तेच आधी लिहिते. आम्ही गाडी घेतली. डिझेल पिकअप आहे, राहुरीकडच्या एका दूधवाल्याची. दुधाचे कॅन वाहून वाहून त्यानं तिचा पार पिट्टा पाडलाय. मीटर बंद आहे. बंद पडण्याआधी तो सगळा फिरून पुन्हा शून्यावर आला होता, हे तो दूधवाला स्वतःच कौतुकानं सांगत होता. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता.

गाडी घेण्याचं कारण पाणी. खिंडीपलीकडे माळवस्ती आहे, तुम्ही माझ्या लग्नात पाहिली असेल. तिथली विहीर पौषातच आटली. सरकारी टँकर खिंडीच्या रस्त्यात वळत नाही म्हणून चावडीपाशीच रिकामा होतो, आणि वस्तीतल्या बायका हंडे डोक्यावर घेऊन खिंड चढतात. लहान गाडीनं तिकडे रोज पाणी कोण पोचवेल, असं पंचायतीनं विचारलं. यांनी हो म्हटलं. दोन हजार लिटरची, दोन चाकांची लोखंडी टाकी मिळाली आहे, ती पिकअपच्या मागे जोडून ओढायची. पाणी खालच्या मळ्यातून भरायचं. खेपा चुकायला लागल्या तर काम दुसऱ्याला देणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

आता अडचण. भरली टाकी घेऊन चढाला लागलं की रेडिएटर उकळतो, क्लचचा जळका वास येतो, आणि पलीकडच्या उताराला टाकी मागून गाडीला ढकलते. हे म्हणतात इंजिनच मोठं बसवू, म्हणजे सगळं मिटेल. ड्रायव्हरचा हात अजून बसलेला नाही. आधी काय करावं ते लवकर कळवा. रागावून झाल्यावर कळवलंत तरी चालेल.

तुमची सीमा

—

नाशिक रोड
१७ फेब्रुवारी १९९२

चि. सौ. सीमास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना तुझ्या मामीनं माझ्या हातातली बशी काढून घेतली. ठीकच केलं.

सीमे, एसटीच्या वर्कशॉपात जन्म घालवलेला मामा जिवंत असताना तू एका दूधवाल्याच्या तोंडाकडे बघून गाडी घेतलीस. बरं, घेतली ती घेतली. आता मोठं इंजिन काय म्हणून? आमच्या जावईबापूंना, काकासाहेबांना, विचार, मोठं इंजिन टाकी वर ओढेल, पण उतारावर तिला धरणार कोण? आधी गाडी थांबली पाहिजे, मग तिनं ओढायचं. हे वाक्य चुलीच्या वर कोळशानं लिहून ठेव.

तेव्हा पहिलं काम ब्रेक. चारी चाकं उघडा, लायनर नवे घाला, मास्टर सिलिंडर गळत असेल तर तो बदला. हँडब्रेक भरल्या टाकीसकट चढावर गाडी धरतो का ते बघा. न धरला तर ती गाडी घराबाहेर काढायची नाही. त्यानंतर रेडिएटर. तो वरून पाणी ओतून साफ होत नसतो, खोलून आतला गाळ काढावा लागतो. मागच्या स्प्रिंगचे पाटे दूधवाल्यानं सपाट केले असतील, प्रत्येक बाजूला एकेक पाटा वाढवा. टाकी जोडायचा हूक चॅसीला जाड पट्टी लावून बोल्टनं आवळायचा. चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, हे नीट वाच.

आता तुमचा ड्रायव्हर. क्लचचा वास येतो म्हणजे तो महाराज चालता चालता क्लचवर पाय ठेवून बसतो. असल्या माणसाला बैलगाडीवर बसवा. आणि मला एक कळत नाही, काकासाहेबांकडे लायसन्स असताना ड्रायव्हर ठेवायची श्रीमंती कुठून आली?

मामीला डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, म्हणून मला लगेच निघता येत नाही. नाहीतर उद्याच आलो असतो.

रखमाजी मामा

—

भोकरवाडी
८ मार्च १९९२

ती. मामांना जय भीम. मामींचं ऑपरेशन कसं झालं ते कळवा.

तुमचं पत्र पोचायला इतके दिवस लागले की तोवर आम्ही निम्मं काम उरकलं होतं. ब्रेक केले. लायनर नवे, सिलिंडर नवा. हँडब्रेक आता चढावर धरतो, मी स्वतः खाली उतरून पाहिलं. रेडिएटर खोलला तर आतून निघालेल्या गाळात मेथी उगवली असती. पाटे वाढवले. गाडी मागून उचलल्यासारखी दिसते, लोक हसतात.

हुकाचं मात्र तुम्ही म्हणता तसं जमलं नाही. तुम्ही लिहिता जणू आमच्या अंगणात तुमचं वर्कशॉपच आहे. इथे एक जॅक आहे, तोही मागून आणायचा. तिसगावच्या रस्त्याला गहिनीनाथचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो म्हणाला की चॅसीला भोकं पाडायला त्याच्याकडे मशीन नाही, बंपरलाच हूक डकवतो, हत्ती बांधलात तरी निघणार नाही. पाणी थांबवता येत नव्हतं, म्हणून तसंच केलं.

क्लचवर पाय ठेवायची सवय ड्रायव्हरनं मोडली आहे. तुमच्या पत्रातलं ते बैलगाडीचं वाक्य ड्रायव्हरला फार लागलं, पण त्याचा उपयोग झाला. वास बंद झाला.

आता दुसरंच सुरू झालंय. निम्मं पाणी शाळेच्या हौदात सोडून उरलेलं माळवस्तीला नेतो, तेव्हा टाकी मागून धक्के मारते. पूर्ण भरलेली असते तेव्हा इतकी मारत नाही. वजन कमी झाल्यावर त्रास वाढतो, हे कसं काय?

यांच्या बाबतीत एवढंच, की ते टाकीचं आणि पाइपाचं सगळं बघतात. गाडी ड्रायव्हरनं चालवावी असं आमचं दोघांचं ठरलंय.

सीमा

—

नाशिक रोड
१६ मार्च १९९२

सीमे,

ऑपरेशन चांगलं झालं. मामी हिरवी पट्टी लावून बसली आहे आणि तुझं पत्र मोठ्यानं वाच म्हणाली. मला बंपरच्या पुढे वाचवेना.

बंपर हा लोकांनी येता-जाता ठोकरण्यासाठी लावलेला पत्रा असतो. त्याला तू दोन हजार लिटर पाणी बांधलंस. त्या गहिनीनाथाला सांग, हत्ती बांधला तर तो एका जागी उभा राहतो. तुझी टाकी खिंडीतून उतरते.

धक्क्यांचं कारण ऐक. भरल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्धी झाली की ब्रेक लावताच सगळं पाणी धावत पुढे येतं आणि तुझ्या गाडीच्या पाठीत बसतं. वळणावर तेच पाणी बाजूला धावतं. म्हणून टाकीच्या आत आडवे पत्रे लावतात, खाली-वर भोकं ठेवून, म्हणजे पाण्याला धाव घेता येत नाही. ते होईपर्यंत टाकी एक तर भरलेली न्यायची, नाही तर रिकामी. शाळेला वेगळी खेप करा. आणि हूक बदलेपर्यंत निदान जाड साखळदंड टाकीच्या दांडीपासून थेट चॅसीला बांधा. हूक तुटला तरी टाकी पळून जाणार नाही.

ड्रायव्हरचं नाव काय, गाव कोणतं? लायसन्स बघितलंस का? खिंडीत दुसऱ्या गिअरवर उतरतो की न्यूट्रल करून डिझेल वाचवतो? मला त्यालाच पत्र लिहायचं आहे.

आणि तू रागावशील तरी लिहितो. तुमचं दोघांचं ठरलंय म्हणजे काय? धडधाकट माणूस पाइप धरून बसतो आणि परका माणूस गाडी चालवतो, हे कुठलं ठरवणं? काकासाहेबांना पारावर पत्ते कुटायची सवय लागली असेल तर मला सांग. तुझ्या आईच्या माघारी हे विचारायचा मला हक्क आहे.

मामा

—

भोकरवाडी
२ एप्रिल १९९२

मामा,

यांच्याबद्दल असलं पुन्हा लिहू नका. तुम्हाला इथलं काही माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्यावर तुम्ही पानंच्या पानं लिहिता. तुमचं पत्र यांनी वाचलं. त्या रात्री जेवले नाहीत.

साखळदंड लावलाय. विहिरीवरचा जुना होता, मी आणि यांनी मिळून चॅसीला आवळला. आडवे पत्रे लावायला टाकी दुकानात सोडावी लागेल, आणि ती सोडली तर माळवस्ती काय पिणार? गहिनीनाथ बहिणीच्या लग्नाला गेलाय. तुमची प्रत्येक सूचना बरोबर असते, पण ती करायला गाडी थांबवावी लागते आणि आम्हाला गाडी थांबवता येत नाही. एवढी एक गोष्ट तुम्हाला कळत नाही.

शाळेला वेगळी खेप करायची तर मळ्यातली विहीर तेवढं पाणी देत नाही. उपसलं की भरायची वाट बघत बसावं लागतं. त्यामुळे अर्धी टाकी न्यावीच लागते.

मामींना नमस्कार.

सीमा

—

(पोस्टकार्ड)
नाशिक रोड, १० एप्रिल १९९२

सीमे, हूक चॅसीवर घेईपर्यंत गाडी उभी कर. माळवस्तीला चार दिवस त्रास होईल, होऊ दे. माणूस गेलं तर त्रास चार दिवसांचा नसतो. बाकी भांडण समोरासमोर करू. मामीची पट्टी निघाली की येतो. रखमाजी.

—

भोकरवाडी
२७ एप्रिल १९९२

ती. मामा यांना काकासाहेब याचा सप्रेम जय भीम.

माझं तुमाला पयलंच पत्र. सीमाला सांगितलं न्हाई. तिच्या मनगटाला लचक हाय, दुसरं कायबी न्हाई, म्हणून घाबरू नका.

तुमी ज्या ड्रायव्हरला समद्या पत्रांत बोलत आला, तो ड्रायव्हर म्हंजे सीमा.

दिवाळीच्या मागं मला रानात फिट आली. मग घरात आली. नगरला डॉक्टरला दाखवलं. त्यानं गोळ्या दिल्या आन सांगितलं का स्टेरिंगवर बसायचं न्हाई, विहिरीत वाकायचं न्हाई, एकट्यानं कुटं जायाचं न्हाई. गावात हे कुनाला म्हाईत न्हाई. मीच सीमाला शपथ घातली हुती, मामांना बी सांगू नको. लोक मागं काय काय बोलत्यात ते म्या दुसऱ्याच्या बाबतीत ऐकल्यालं हाय. गाडीचा सौदा तवा झालावता. ती म्हनली, गाडी परत करायची न्हाई, मला शिकवा. नदीच्या कोरड्या पात्रात म्या तिला शिकवलं. नगरला जाऊन लायसन्स काढलं. गावाला वाटतं का हिला हौस हाय. बाया हसत हुत्या, आता हसत न्हाईत.

तुमचं पत्त्याचं वाचलं तवा मला राग न्हाई आला. लाज वाटली.

आता परवाचं सांगतो. तुमचं कार्ड आलं हुतं, तरी शाळेत निम्मं पानी सोडून आमी खिंड उतरत हुतो. ती दुसऱ्या गेरवरच उतरती, न्यूट्रल कदी करीत न्हाई, हे तुमी विचारलं हुतं म्हणून लिवतो. मधल्या वळनाला मागं काड् असा आवाज झाला. बंपर एका अंगानं उपटला. दांडी खाली टेकली आन टाकी आडवी यायला लागली, गाडीचं मागलं अंग दरीकडं सरकलं. साखळदंडानं टाकी धरून ठिवली, न्हाईतर ती आमच्या आदी खाली गेली असती.

माझा हात आपसूक स्टेरिंगकडं गेला. तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. म्हनली, "हात लावू नका."

तिनं ब्रेक दाबून धरला न्हाई. जरा दाबायची, सोडायची. गेर तसाच ठिवला आन डोंगराच्या बाजूला गाडी घातली. मुरमाच्या कडंला गाडी घासत घासत गेली आन थांबली. टाकी मागं कलंडली. समदं पानी रस्त्यावरनं वाहून गेलं. तिचे हात स्टेरिंगवरनं निघंनात. म्या एकेक बोट सोडवलं.

माळवस्तीवरची लंकाबाई आवाज ऐकून चढून आली. तिच्या घरात सकाळधरनं पानी नसंल. पन तिनं पान्याचं इचारलं न्हाई. पदरानं सीमाचं तोंड पुसलं आन तितंच बसून राहिली.

मामा, गाडी दारात हाय, टाकी गहिनीनाथकडं. तो बी आता हत्तीचं नाव काढीत न्हाई. पंचायतीनं बैलगाडीवर पिंपं लावल्यात, निम्मं पानी खिंडीतच सांडतं. काम आमच्याकडनं काढून घ्यायचं चाललंय. सीमा दिवसभर गाडीपाशी जाती आन उगं उभी राहती. तुमी आला तर बरं हुईल. तिला रागवू नका, रागवायचं तर मला.

तुमचा काकासाहेब

—

नाशिक रोड
४ मे १९९२

सीमे,

काकासाहेबांनी मला पत्र लिहिलं. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांनी लिहिलं म्हणून मी आज तुला धड पत्र लिहू शकतो.

मी तुझी सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. तू एकदाही 'तो' लिहिलेलं नाहीस. मीच लिहीत गेलो. मामीला सांगितलं तर ती म्हणाली, मला दुसऱ्याच पत्राला शंका आली होती. मग बोलली का नाहीस, तर म्हणे तुम्ही बोलू कुठं देता. या घरात मला कोणी काही सांगत नाही आणि वर मलाच ऐकून घ्यावं लागतं.

क्लचबद्दल जे लिहिलं ते मागे घेत नाही. पाय ठेवत होतीस, चुकत होतीस. बंपरबद्दलही नाही. पोस्टकार्ड पोचलं होतं, तरी गाडी काढलीस, त्याबद्दल तर समोर आल्यावर बोलणारच आहे. पण टाकी आडवी आल्यावर ब्रेक दाबून न धरणं, हे मी कोणत्याही पत्रात लिहिलं नव्हतं. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि तिथेच राहतो. डेपोतले मुरलेले ड्रायव्हर मी तसे गेलेले पाहिलेत. तू कसं केलंस मला माहीत नाही. विचारणारही नाही. मला ते वाचून अंथरुणावर पडवेना, एवढं लिहितो.

मी येत्या बुधवारी निघतो. भंगार बाजारात एका मोडीत काढलेल्या जीपचा हूक मिळाला आहे, पट्टीसकट. मागच्या धुऱ्यातलं क्राऊन-पिनियनही बघून ठेवलंय, तुझ्या गाडीला जड दातांचं बसेल. वेग कमी होईल, पण चढाला ती रडणार नाही. टाकीच्या चाकांनाही ब्रेक लावायचा आहे. ड्रिल मशीन सोबत आणतो, म्हणजे गहिनीनाथाला सांगायला काही उरणार नाही.

काकासाहेबांना सांग, पत्त्यांचं जे लिहिलं ते मी त्यांच्यासमोर बसून मागे घेईन. पत्रात नाही जमत.

मामा

—

भोकरवाडी
१२ जून १९९२

ती. मामा, मामींना जय भीम.

तुम्ही नाशिकला परत सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. इथे तुमच्यामागे काय काय झालं ते सांगायचं आहे, पण आधी एक तक्रार. गाडीच्या दारावर आतून लाल रंगानं 'टाकी अर्धी नेऊ नये' असं लिहून गेलात. आडवे पत्रे तुम्हीच बसवलेत, आता अर्धी नेली तरी चालते, हेही तुम्हीच म्हणालात. मग ते कशाला? वस्तीतली पोरं ते वाचतात आणि मला म्हणून दाखवतात.

गाडी मात्र आता वेगळीच झाली आहे. हळू जाते, इतकी हळू की चालणारी माणसं पुढे निघून जातात. पण खिंडीच्या मधल्या वळणावर मी ती भरल्या टाकीसकट थांबवली आणि पुन्हा उचलली, मागे एक वीतभरही गेली नाही. रेडिएटर उकळला नाही. उताराला टाकी मागून येते, ढकलत नाही. चाचणीच्या पहिल्या दिवशी त्या वळणाच्या आधी मी थांबून दोनदा हूक बघून आले. हे शेजारी बसून चण्याचे दाणे खात होते. मला धीर यावा म्हणून मुद्दाम खात होते, ते कळत होतं, आणि त्याचाच राग येत होता.

पण पंचायतीनं काम परत दिलं नव्हतं. परवा ग्रामसभा होती. एक जण उठून म्हणाला, बाईच्या हातात गाडी दिली म्हणून टाकी पालथी झाली, पुन्हा तिलाच खिंडीत घालणार का? काम द्यायचं असेल तर काकासाहेबानं स्वतः चालवावी, त्याला काय धाड भरलीय? चार-पाच जणांनी माना हलवल्या. मी हूक, पट्टी, टाकीचे ब्रेक सगळं सांगायला उठले होते. तुमचे शब्द पाठ केले होते. कोणी ऐकून घेईना.

तेवढ्यात हे उठले. मी पदर ओढला, तरी उठले. म्हणाले, "मला फिट येती. डॉक्टरनं मला गाडी बंद केली हाय, म्हणून ती चालवती. त्या दिवशी म्या शेजारी हुतो. स्टेरिंग माझ्या हातात असतं तर आज सभेत आमची दोघांची नावं दुखवट्यात वाचायला लागली असती."

मामा, एवढे दिवस जे मी कोणाला कळू दिलं नाही, पाठच्या बहिणीला नाही, तुम्हाला नाही, ते यांनी पारावर उभं राहून सांगून टाकलं. मला विचारलं पण नाही. मला इतका राग आला की यांचा हात धरून खाली ओढावं असं वाटलं. ज्यानं हरकत घेतली होती तो खाली बघत होता. काही माणसं यांच्याकडे कशी बघत होती ते मला दिसलं. उद्यापासून यांच्या हातचं पाणी प्यायला कोण कचरेल, कोण हळहळेल, ते सगळं एका क्षणात डोक्यात आलं. हे मात्र तसेच उभे होते. बसायचं विसरले होते, किंवा बसायचं नव्हतं.

मग मागच्या बाजूनं लंकाबाई उठली. ती कधी सभेला येत नाही. तिनं यांच्याकडे बघितलं नाही, सरपंचांकडे नाही. मला विचारलं, "सीमा, उद्याची खेप सकाळी हाय का दुपारी? म्हंजे पोरी खिंडीत धाडायच्या का न्हाई ते ठरवते."

मी म्हटलं, सकाळी.

ती "बरं" म्हणाली आणि खाली बसली. सरपंचांनी वहीत काम पुन्हा आमच्या नावावर लिहिलं. पुढचा विषय शाळेच्या पत्र्यांचा होता, तो सुरू झाला.

घरी येईपर्यंत मी यांच्या पुढे पुढे चालत राहिले. आल्यावर खूप बोलले. हे ऐकत राहिले आणि सगळं झाल्यावर म्हणाले की आता डब्यातल्या गोळ्या लपवून ठेवायला नकोत, फळीवर ठेव. त्या फळीवर ठेवल्या आहेत. रात्री दोघंही चांगले झोपलो.

काल सकाळी मी खेप घेऊन निघाले तेव्हा माळवस्तीच्या अलीकडे रस्त्यात पोरी हंडे घेऊन उभ्या होत्या. खिंड चढत नव्हत्या, वाट बघत होत्या.

आता थांबते. मळ्यातल्या विहिरीला पाणी चढलं असेल, आणि हे बाहेरून हाका मारतायत.

सीमा